सुपाएवढं

शहापूरच्या बाहेर, किन्हवलीच्या रस्त्याला आमच्या संस्थेचं प्रशिक्षण केंद्र होतं. मी तिथे वॉर्डन. वॉर्डन हे नाव कागदावर. प्रत्यक्षात भाकऱ्या कमी पडल्या की भाकऱ्या, वीज गेली की कंदील आणि एखादी बाई तापाने फणफणली की तिच्या उशाशी बसणं, सगळं माझ्याच गळ्यात. मला अभिमान होता तो फक्त हॉलच्या पांढऱ्या लादीचा. रोज सकाळी मी ती स्वतः पुसायचे. कुणी मशेरीची पिचकारी टाकली तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. "सरस्वतीताई, तुमच्या लादीवर पाय ठेवायला आता पास काढावा लागणार," असं संघरत्ना मला चिडवायची.

संघरत्ना म्हणजे आमची शिकवणारी नर्स. मुरबाडच्या बौद्धवाड्यातली. आईने दुसऱ्यांच्या बांधावर राबून शिकवलेली. रोज मुरबाडहून एस.टी.ने यायची आणि उशीर झाला की माझ्याच खोलीत पथारी टाकायची. अंगाने काडी, पण शब्दाची पक्की. वाड्या-पाड्यांवर बाळंतपणं करणाऱ्या बायांना आम्ही शिकवत होतो. शिकवत होती ती, मी जेवायला वाढत होते.

अभ्यासक्रम बनवला होता प्रोफेसरांनी. मुंबईच्या कॉलेजात जन्मभर शिकवून निवृत्त झालेला माणूस. वाईट नव्हता. वाईट असता तर मला त्याला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. बायांशी अहो-जाहो बोलायचा, आमच्या पंगतीत बसून नाचणीची भाकरी खायचा. पण आपल्या अभ्यासक्रमावर त्याचं पोटच्या पोरासारखं प्रेम. आधी शरीराची ओळख, मग स्वच्छता, मग गरोदरपण, मग सरळ बाळंतपण, आणि संक्रांत उलटल्यावर बिघडलेलं बाळंतपण. सोप्याकडून अवघडाकडे. वर्ग भरायचे ते पाऊस सरल्यावर, कारण पावसात मुंबईच्या पाहुण्या डॉक्टरांना आमचा रस्ता सोसायचा नाही.

आता आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की दिवाळी झाली की कातकऱ्यांच्या वाड्या ओस पडतात. सगळे वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. त्याला आमच्याकडे 'जगायला जाणं' म्हणतात. म्हणजे ज्या बायांसाठी हे सगळं मांडलेलं, त्या अर्धं शिकून निघून जायच्या. त्यांच्या वाट्याला फक्त सोपं यायचं. अवघड शिकायला मागे राहायच्या त्या सडकेच्या कडेच्या गावांतल्या, ज्यांच्या दारात तशीही गाडी येत होती.

सत्त्याण्णव सालच्या तुकडीत वेणू होती. मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरवाडीची. वयाचा अंदाज येऊ नये अशी बाई, हसायला लागली की तोंडावर पदर धरायची. वाडीवर बाळंतपणं तीच करायची. पण इथे आल्यावर तिने आपलं आधीचं सगळं बाजूला ठेवलं आणि पहिलीतल्या पोरीसारखी संघरत्नासमोर बसली. "बाई सांगतीन तसा करायचा," हे तिचं पालुपद. मला वाटायचं, इतकी आज्ञाधारक बाई बरी नव्हे. पण शिकवणाऱ्याला असं कोणी मिळालं की बरंच वाटतं.

वेणूची एकुलती एक लेक निर्मला. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. नवऱ्याने, संजूने, भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली, तेव्हा न जाऊन सुटका नव्हती. बाळंतपण येणार होतं पौषात, म्हणजे भट्टीवर. वेणू हे मोठ्या आनंदाने सांगायची. "या खेपेला मी शिकून करनार," म्हणायची.

संघरत्ना मात्र ते ऐकून दिवस मोजायला लागली. एका दुपारी प्रोफेसर आले असताना ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी चहा घेऊन आत गेले होते आणि मुद्दामच रेंगाळले.

"सर, रक्त जाण्याचा धडा दिवाळीआधी घ्यायचाय."

"अजून सरळ बाळंतपण पुरतं झालेलं नाही," प्रोफेसर म्हणाले. "पाया नसताना भिंत बांधणार? भीती आधी शिकवली तर त्या प्रत्येक बाळंतपणाला घाबरतील."

"दिवाळीनंतर त्या नसतीलच, सर. वेणूच्या मुलीचं बाळंतपण भट्टीवर व्हायचंय. तिला सोपं येतं. अवघड आलं तर ती काय करील?"

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एक दिवस घ्या. पण सोपं करून घ्या. लिटर-मिलिलिटर नको. त्यांना दिसेल असं काहीतरी द्या."

आणि संघरत्नाने ते दिलं. किती डोकं लढवलं तिने त्या एका धड्यासाठी! बाळंत झाल्यावर थोडं रक्त जातंच. ते किती गेलं की घाबरायचं, हा खरा प्रश्न. पेल्याने मोजायला रक्त काही पेल्यात पडत नाही. तिने माझ्या स्वयंपाकघरातलं सूप उचललं. कळशीत लाल रंग कालवला आणि हॉलमध्ये माझ्या पांढऱ्याशुभ्र लादीवर, सगळ्या बायांच्या मधोमध, तो हळूहळू ओतला.

लाल पाणी पसरत गेलं. तिने शेजारी सूप ठेवलं.

"बघा. सुपाएवढं होईतो घाबरायचं नाही. पोट चोळायचं, बाळाला छातीशी लावायचं. सुपाच्या बाहेर गेलं की एक क्षण थांबायचं नाही. गाडी मिळेल ती करायची आणि दवाखाना गाठायचा."

तिने प्रत्येक बाईकडून ओतून घेतलं. वेणू तर पुन्हा पुन्हा ओतत राहिली. सूप ठेवायची, डोळे बारीक करून बघायची, "आता नाय... आता नाय... हा, आता गाडी!" असं ओरडायची, आणि सगळ्या हसायच्या. माझी लादी नंतर कितीतरी दिवस गुलाबी राहिली. मी संघरत्नाला तोंडभर बोलले, पण मनातून मला कौतुकच वाटलं होतं. प्रोफेसरांनाही वाटलं. 'सूप' त्यांनी अभ्यासक्रमात घेतलं, संघरत्नाच्या नावासकट.

दिवाळी झाली आणि वेणू, निर्मला, संजू जगायला गेले.

संक्रांतीनंतर वेणूच्याच वाडीची भागी केंद्रावर आली. पाय मोडल्यामुळे ती त्या वर्षी भट्टीवर गेली नव्हती. दारातच बसली आणि म्हणाली, "निर्मला गेली. पोर झाली, आन ती गेली. पोर हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वेणूनंच मारली म्हनत्यान सगळी. संजू तिला पोरीला हात लावू देत नाय."

संघरत्ना खडू हातात धरून उभी होती. तिने विचारलं, "कशाने गेली?"

"अंगावरून गेला. लय गेला."

पुढचं भागीला ऐकीव माहीत होतं. भट्टीवर विटा न्यायला टेम्पो उभा होता. निर्मलाचं लक्षण बरं दिसेना म्हणून संजूने ड्रायव्हरच्या हातापाया पडून तो थांबवून धरला होता. पण वेणूने जाऊ दिलं नाही. "थांबा, सूप नाय भरला," म्हणाली. टेम्पो विटा घेऊन निघून गेला. तो परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या बैठकीत प्रोफेसरांनी ते ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले, हे मी स्वतः पाहिलं. पण मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "शिकवलेलं तिला नीट वापरता आलं नाही," ते म्हणाले. "सराव कमी पडला. पुढच्या तुकडीत सराव वाढवू."

"कमी नाही पडला, सर," संघरत्ना म्हणाली. "त्या हॉलमध्ये तिच्याइतकं बरोबर कुणीच ओळखत नव्हतं."

"मग ऐनवेळी घाबरली असेल. स्वतःची मुलगी होती ना."

त्या दिवसापासून संघरत्नाचं जेवण तुटलं. माझ्या खोलीत राहिली की भिंतीकडे बघत पडायची. "ताई, तिला दिसलं कसं नाही?" हे एकच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "भिंतीला काय विचारतेस? वेणूला जाऊन विचार की." म्हणाली, "तुम्ही येता सोबत?" आता मी म्हटलंच होतं, तर जाणं आलं.

संस्थेची जीप घेऊन आम्ही भल्या सकाळी निघालो. भट्टी भिवंडीच्या अलीकडे, खाडीकाठी. लांबूनच धूर दिसतो. जवळ गेलं की घशात राख जाते आणि दिवसभर बाहेर येत नाही. कच्च्या विटा रचून केलेल्या खोपी, वर पेंढा, आत वाकून शिरायचं. माणसं गुडघाभर चिखलात. आम्हाला बघून कुणी हात थांबवला नाही.

वेणू विटा थापत होती. संघरत्नाला बघून उठली, हात लुगड्याला पुसले आणि मान खाली घालून उभी राहिली. वर्गात चुकलं की उभी राहायची तशीच.

"बाई, माझा चुकला," ती म्हणाली. "तुमी शिकवलेला बरोबर होता. मनाच नीट बघता नाय आला."

मी म्हटलं, "वेणू, काय झालं ते सांग बाय. आम्ही रागवायला आलो नाही."

ती आम्हाला खोपीत घेऊन गेली. समोरच्या खोपीच्या तोंडाशी संजू बसला होता. त्याची आई गोजाबाई नातीला मांडीवर घेऊन कापडाच्या बोळ्याने पाणी घातलेलं दूध पाजत होती. पोर एवढंसं, ओल्या उंदरासारखं. वेणूने तिकडे बघितलं नाही. बघायचं नाही अशी सवयच तिने लावून घेतली असावी.

"हितंच झाली," ती खोपीत बसत म्हणाली. "दुपारची येळ होती. उजेड होता चांगला. पोर झाली, नाळ नव्या पात्यानं कापली, तुमी दिलेल्या. वार पडली. मंग अंगावरून जाया लागला. मी सूप ठेवला बाजूला. बघत व्हते, बाई. डोळा नाय हलवला. एवढासाच व्हता." तिने आपला पंजा उघडून दाखवला. "एवढा. सुपाच्या आत. पोट चोळला, पोरीला लावली. मंग निर्मला म्हनाली, आये, मना थंडी वाजते. मना वाटला दमली. संजू वरडत व्हता, टेम्पो जातो, टेम्पो जातो. मी म्हनले, थांब. बाईंनी सांगितलाय. सूप नाय भरला."

बाहेर विटा थापल्याचा आवाज चालू होता. वेणूला अचानक पाहुणचाराची आठवण झाली असावी. तिने उठून मडक्यातलं पाणी तांब्यात काढलं आणि संघरत्नापुढे धरलं. संघरत्नाची नजर कोपऱ्यातल्या सुपावर होती. तिने न बघताच हात पुढे केला, तसा तांब्या निसटला आणि तिच्या पायाशी उलटा झाला.

आपण पाणी सांडलं की पाय मागे घेतो, तसा मी घेतला. पण पाणी माझ्यापर्यंत आलंच नाही. मी खाली बघितलं. तांब्याच्या तोंडाशी एक छोटासा ओला डाग. पंजाएवढा. भरलेला तांब्या आणि एवढासा डाग!

संघरत्ना तशीच खाली बसली. तिने जमिनीत बोटं घातली. ती जमीन नव्हतीच. तूस होता. भाताचा तूस आणि राख, वीतभर जाडीची. खाडीची ओल लागू नये म्हणून सगळ्या खोपींत तोच अंथरलेला. तिने आत हात घातला आणि ओली मूठ बाहेर काढली.

"बाळंतपण यावरच केलंस?" तिने विचारलं. आवाज तिचा वाटतच नव्हता.

"मंग कशावर? लुगडा खराब झाला तं धुवाया पानी कुठून आनायचा? तूस बरा. खराब झाला का उचलून भट्टीत टाकायचा."

"तो टाकलास?"

"टाकला की. लय जड झाला व्हता," वेणू म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

संघरत्नाने मडकं ओढलं. तांब्या भरला, ओतला. परत भरला, परत ओतला. कोपऱ्यातलं सूप उचलून बाजूला ठेवलं. मडकं रिकामं झालं, तरी डाग सुपाच्या निम्म्यालाही पोचला नाही. वेणू बघत होती. वर्गात बघायची तशीच, डोळे बारीक करून. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. माझी ती पांढरी लादी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुढे त्या धड्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी तोंड गोड करायला नको. प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसले. नव्या आवृत्तीत त्यांनी धडा पहिल्याच आठवड्यात आणला, आणि खाली पांढरा फडका घालूनच बाळंतपण करावं, असं लिहिलं. वर्ग पावसाळ्यात घेऊ लागले. पाहुणे डॉक्टर आले नाहीत तर नाही. दर वर्षी त्या दिवशी मी गिरणीतून तुसाचं पोतं आणते आणि माझ्या लादीवर स्वतःच्या हाताने पसरते. संघरत्ना कळशीभर लाल पाणी त्यात ओतते, आणि ते कुठे गेलं म्हणून बाया शोधत राहतात. त्या वेळी हॉलमध्ये कुणी हसत नाही. सगळं सुधारलं. वेणूच्या लेकीवर आम्ही शिकलो.

पण त्या दिवशी खोपीत यातलं काहीच झालेलं नव्हतं. संघरत्ना उठली. ओल्या मुठीतला तूस तसाच घेऊन समोरच्या खोपीपाशी गेली आणि संजूपुढे उभी राहिली. तो तिशीच्या आतला, राखेने पांढरा झालेला पोरगा. त्याने वर बघितलं नाही.

"संजू, वेणूची चूक नाही," ती म्हणाली. "तिने अगदी मी सांगितलं तसंच केलं. मी चुकीचं सांगितलं. मी लादीवर शिकवलं. रक्त तुसात जातं, दिसत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे. जे बोलायचं ते मला बोल."

संजूने तिच्या मुठीकडे बघितलं. मला वाटलं, हा आता उठून हात उचलणार. उचलला असता तरी मी मध्ये पडले नसते.

"तुमाला कोनी शिकवला, बाई?" त्याने विचारलं.

संघरत्नाने मूठ उघडून तूस खाली ठेवला.

"तुमी कवा आलात व्हय भट्टीवर? आज आलात तशा आधी आला असतान तं?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आमी शिकाया तुमच्याकडं आलो. तुमी शिकाया कोनाकडं गेलात?"

मग तो उठला. आईच्या मांडीवरून त्याने पोर उचललं आणि चालत वेणूच्या खोपीपाशी गेला. वेणू दारातच बसली होती, रिकामं मडकं जवळ घेऊन. त्याने पोर तिच्यापुढे धरलं.

"घे, आये," तो म्हणाला. "तुजी चूक नाय म्हनत्यान."

इतक्या दिवसांत त्याने तिला पहिल्यांदा हाक मारली असेल. मी मनात म्हटलं, घे गं बाई. एवढं तरी घे. निदान एवढ्यासाठी तरी आमचं इथे येणं झालं असं होऊ दे.

वेणूचे हात उठले. पोरीच्या अगदी जवळ गेले. लेकीला बाळंत केलं ते हेच हात. मग तिने ते मागे घेतले आणि लुगड्याखाली लपवले.

"नको," ती म्हणाली. "शिकवला त्यांनी. चुकला असंल त्यांचा. पन ती मना म्हनाली, आये, मना थंडी वाजते. आन मी सुपाकडं बघत बसले. तिच्याकडं नाय बघितला."

पोर रडायला लागलं. संजू ते पुढे धरून तसाच उभा राहिला. शेवटी गोजाबाई आली आणि तिने पोर त्याच्या हातातून घेतलं. वेणू उठली, मडकं घेतलं आणि पाणी आणायला खाडीकडच्या विहिरीवर निघून गेली.